वाचनालयात वंशावळी कशाला?

आमच्या भागातील एका जुन्या वाचनालयाने वार्षिक व्याख्यानमालेतला एक दिवस गावाच्या इतिहासाला आणि गावातल्या घराण्यांच्या वंशावळींना द्यायचे ठरवले, आणि त्यावरून कार्यकारी मंडळात सुरू झालेली कुरबुर पाहता पाहता सभासदांच्या सभेपर्यंत पोचली. एका बाजूचे म्हणणे असे की पूर्वजांचे स्मरण हा संस्कार आहे, नव्या पिढीला आपली मुळे कळली पाहिजेत आणि घराण्यांचा मोठेपणा सांगायला वाचनालयासारखी दुसरी जागा नाही. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की वंशावळ म्हणजे जात, जात म्हणजे भांडण, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने या फंदात पडू नये. त्यापेक्षा मधुमेहावर नाहीतर म्युच्युअल फंडावर बोलणारा एखादा वक्ता आणावा. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या आणि दोघांनीही एकच गोष्ट न तपासता गृहीत धरली, ती म्हणजे वंशावळीवरचे व्याख्यान हे घराण्याच्या गौरवाचेच व्याख्यान असणार. मग वाद उरला तो गौरव करावा की करू नये एवढाच. वंशावळ हा मुळात एक दावा असतो, दाव्याला पुरावा लागतो आणि पुरावा तपासण्याचीही काही रीत असते, ही गोष्ट त्या सभेत कोणाच्याच तोंडून आली नाही.

माझे मत असे की स्थानिक इतिहासाची आणि वंशावळींची व्याख्याने सार्वजनिक वाचनालयांनी घेतलीच पाहिजेत, आणि ती लोकांना कागद वाचायला शिकवण्यासाठी घेतली पाहिजेत. पूर्वजांना हार घालायला इतर जागा पुष्कळ आहेत. आज वंशावळींचे काम बहुतांशी जातीच्या मेळाव्यांत, दाखले काढून देणाऱ्या मध्यस्थांच्या टेबलांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत चालते. मेळाव्यात सगळी आपलीच माणसे असल्यामुळे शंका काढणारा घरभेदी ठरतो. मध्यस्थाला गिऱ्हाइकाच्या सोयीचेच उत्तर शोधायचे असते. आणि व्हॉट्सॲपवर आलेली वंशावळ कोणत्या कागदावरून उतरवली हे विचारायला समोर माणूसच नसतो. वाचनालयात मात्र वर्गणी भरणारा कोणत्याही आळीतला माणूस त्याच बाकावर बसून तेच वर्तमानपत्र वाचतो, आणि तिथे वक्त्याला “हे कशावरून?” असे विचारले तर तो कोणाचा अपमान समजला जात नाही. निदान समजला जाऊ नये.

हा प्रश्न आजच का पेटला, हे उघड आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या कागदपत्रांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तोवर ज्यांनी मोडी अक्षर फक्त एखाद्या संग्रहालयाच्या काचेमागे पाहिले होते, ते लोक मोडी वाचणाऱ्याचा पत्ता विचारत तहसील कार्यालयाच्या आवारात फिरू लागले. कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, जुने फेरफार, पाहणीपत्रक, खासरापत्रक हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. पण ही गरज काही एका समाजाची नाही आणि २०२३ साली जन्मलेलीही नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे दाखवावे लागतात, आणि त्या कागदावरच्या पणजोबापासून आपल्यापर्यंतची साखळी जोडणारी वंशावळ शपथपत्रावर लिहून द्यावी लागते. म्हणजे महाराष्ट्रातल्या लाखो घरांत वंशावळ हा कधीचाच सरकारी कागद झालेला आहे. असे असताना वाचनालयाने तिचे नाव काढू नये, असे म्हणण्याने नेमके काय साधते? शासन वंशावळ मागते, मध्यस्थ ती विकतो, आणि ती कशी तपासावी हे शांतपणे समजावून सांगू शकणारी गावातली एकमेव संस्था सोवळे नेसून बाजूला उभी राहते.

याच वादात निजामाच्या राजवटीतल्या हैदराबाद गॅझेटियरचे नाव अनेकांच्या तोंडी आले. ते उघडून पाहिलेले फार थोडे. गॅझेटियर आणि शिरगणती हे ग्रंथ समूहांचे आकडे देतात, अमुक तालुक्यात अमुक जातीचे किती लोक हे सांगतात. तुमच्या खापरपणजोबाचे नाव त्यात नसते आणि नसणारच. हा साधा फरक, म्हणजे समूहाविषयीचा पुरावा वेगळा आणि व्यक्तीविषयीचा वेगळा, वाहिन्यांवरच्या चर्चांत कितीदा स्पष्ट झाला? बाजूने बोलणाऱ्यांनी तो झाकला आणि विरोधात बोलणाऱ्यांनीही तो सोयीपुरताच काढला. वाचनालयातले एक व्याख्यान, समोर गॅझेटियरचे पान आणि शेजारी गावच्या नोंदवहीचे पान ठेवून, हे एका तासात दाखवू शकते. श्रोत्यांपैकी कोण आरक्षणाच्या बाजूचा आणि कोण विरोधातला याच्याशी त्या व्याख्यानाचे काही देणेघेणे नाही.

आता असे एखादे पान प्रत्यक्षात कसे असते ते पाहू. गावच्या जन्ममृत्यूची नोंद ठेवणारे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, घ्यावे आणि त्यातले १९१८ च्या पावसाळ्यानंतरचे महिने उघडावेत. लेखन मोडीत, शाई तपकिरी पडलेली, कोपरे वाळवीने कुरतडलेले. रकाने साधे असतात: तारीख, नाव, जात, वय, मृत्यूचे कारण. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कारणाच्या रकान्यात एकच शब्द ओळीमागून ओळीत उतरत जातो, “ताप”. ती इन्फ्लुएन्झाची साथ होती. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणसे तिने नेली, पण कोतवालाच्या आणि कुलकर्ण्याच्या शब्दसंग्रहात तिला वेगळे नाव नव्हते. दाखल्यासाठी हे पान चाळणारा माणूस फक्त जातीचा रकाना पाहतो आणि पुढे जातो. वाचनालयात तेच पान पडद्यावर लावले तर दिसते की पाटलाच्या वाड्यातल्या तान्ह्या मुलाची, महारवाड्यातल्या म्हाताऱ्याची आणि सुताराच्या तरुण बायकोची नोंद पाठोपाठ आहे, हस्ताक्षर मध्येच बदलले आहे, आणि जन्माच्या नोंदींत मुलीचे नाव न लिहिता “अमक्यास मुलगी” एवढेच लिहिलेले आहे. हस्ताक्षर का बदलले? लिहिणारा बदलला की तोही आजारी पडला? एका गावाचा इतिहास एवढ्या जवळून दाखवणारे दुसरे साधन नाही, आणि एखादी नोंद कधी विश्वासार्ह मानावी, कुठे शाई वेगळी दिसते, कुठे ओळीत नंतर काही घुसवले आहे, हेही याच पानावर शिकवता येते. ही नजर एकदा तयार झाली की खाडाखोड केलेली नोंद घेऊन येणाऱ्या मध्यस्थाला प्रश्न विचारणारी माणसे गावातच तयार होतात.

आता विरोधकांच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे येतो. वंशावळींचा छंद जातीचा अहंकार जोपासतो, असे ते म्हणतात, आणि इतिहास त्यांच्या बाजूने बरेच काही सांगतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात कुलवृत्तांत छापण्याची जी परंपरा रुजली, ती प्रामुख्याने शिकलेल्या ब्राह्मण घराण्यांची होती. त्या जाडजूड पुस्तकांत मेहनत अफाट आहे, पण मुली बहुधा लग्नानंतर पानावरून नाहीशा होतात आणि कर्तृत्वाची व्याख्या पदवी व हुद्दा इथे संपते. त्याआधीच्या ग्रामण्यांच्या, म्हणजे जातिबहिष्काराच्या, वादांत आणि शाहू महाराजांना वेदमंत्रांचा अधिकार आहे की नाही यावरून पेटलेल्या कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात कूळ आणि वर्ण कोणी ठरवायचा यावरून किती विष कालवले गेले, हे आपल्याला माहीत आहे. बाहेरचे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. जर्मनीत एप्रिल १९३३ च्या कायद्याने सरकारी नोकरांकडून आर्य वंशाचा पुरावा मागितला गेला. आजी-आजोबांपैकी एक ज्यू निघाला तरी माणूस बाद ठरे. चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींच्या उताऱ्यांसाठी अर्जांचा पूर आला, वंशावळी काढून देणाऱ्यांचा धंदा बरकतीला आला आणि नागरिकांच्या हाती “आनेनपास” नावाची पूर्वजांची पुस्तिका आली. वंशावळ ही निरुपद्रवी करमणूक आहे असे म्हणणाऱ्याने हे विसरू नये, आणि या लेखाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तर मुळीच विसरू नये.

परंतु या उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष विरोधक समजतात तो नाही. जर्मनीत संकट आले ते लोकांना पूर्वजांची नोंद वाचता येत होती म्हणून नव्हे. राज्यसंस्थेने रक्ताला नागरिकत्वाची अट बनवले आणि नोंदींवर प्रश्न विचारण्याची सार्वजनिक जागा शिल्लक ठेवली नाही, म्हणून. कुलवृत्तांतांचा दोषही ते छापले गेले हा नाही. ते एकाच घराण्याने, त्याच घराण्यासाठी, बाहेरच्या कोणीही शंका न काढता छापले, हा आहे. अहंकाराला बंद खोली मानवते. त्याच वंशावळी शेजारी शेजारी मांडल्या की काय होते? जाधव, पवार, मोरे, शिंदे, गायकवाड ही आडनावे मराठ्यांत आहेत, महारांत आहेत, मातंगांत आहेत, धनगरांत आणि इतरांतही आहेत. खंडोबा, जोतिबा आणि तुळजाभवानी ही कुलदैवते तर जातींच्या भिंती ओलांडून सगळ्यांची आहेत. एकाच वंशाला मागे जावे तर चार पिढ्यांपूर्वी आडनाव धंद्याचे, सहा पिढ्यांपूर्वी गावाचे आणि त्यापलीकडे आडनावच नाही, असे दिसते. मध्ये कुठेतरी दत्तक येतो, कुठे दुष्काळात गाव सोडलेले दिसते, कुठे एका भावाने वतन सांभाळले आणि दुसऱ्याची शाखा मजुरीला मुंबईत उतरलेली असते. शुद्धतेचा दावा करणाऱ्याला अस्सल वंशावळीइतका त्रासदायक कागद दुसरा नाही, आणि म्हणूनच मेळाव्यांत ती पूर्ण वाचली जात नाही. निवडक पाने वाचली जातात.

“वंशावळ ही घरची खासगी बाब आहे, चारचौघांत कशाला?” असाही एक आक्षेप असतो. महाराष्ट्रात तरी ती कधीच निव्वळ घरची बाब नव्हती. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी आपापली करीना, म्हणजे घराण्याची व हक्काची हकिकत, गोतसभेपुढे सांगत, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्या महजरांवर शिक्कामोर्तब असतेच, पण ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या निशाण्याही असतात: पाटलाचा नांगर, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा आरसा. गावाच्या शिवेचा प्रश्न आला तर महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. म्हणजे एका देशमुखाचा आजा कोण आणि त्याचा हक्क कुठवर, हे सगळ्या गावासमोर आणि बलुतेदारांच्या साक्षीने ठरत होते. त्या व्यवस्थेला मी आदर्श म्हणत नाही; तिच्यात उतरंड होती, बनावट कागद तेव्हाही भरपूर होते, आणि साक्षीपुराव्याने निकाल लागला नाही तर उकळत्या तेलात हात घालायला लावणारे रवादिव्यही होते. पण वंशाचा दावा सभेपुढे मांडायचा आणि त्यावर हरकत ऐकून घ्यायची, हे या मातीला नवे नाही. गोव्यातली गावकारी, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी जुनी व्यवस्था, पाहिली तर हेच आणखी ठळकपणे दिसते. तिथे गावकारांच्या वांगडांत, म्हणजे मूळ कुळांच्या गटांत, जन्मलेल्या पुरुषाला गावच्या उत्पन्नातला वार्षिक वाटा, “जण”, मिळतो. त्यामुळे कोण कोणाचा मुलगा ही नोंद संस्थेच्या वहीत राहते आणि तिच्यावर वाद झाले तर तेही उघड्यावरच होतात. त्यात मुलींना वाटा नाही, हेही त्याच वहीत स्पष्ट दिसते.

आणि घरातला कागद घरातच राहिला असता तर आपले काय बुडाले असते, याचेही एक उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली, म्हणजे सालवार घटनांची टिपणवही, होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि पुढे प्रसिद्ध झाली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेची, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ची, दिलेली होती. तोवर बखरींवरून चालत आलेली १६२७ ची तारीख या एका घरगुती कागदामुळे डळमळली आणि पुढे इतर साधनांशी ताडून पाहिल्यावर मागे पडली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यामागेही वाड्यांच्या माळ्यांवरची आणि देवघरांतली दप्तरे मिळवण्यासाठी केलेली पायपीट होती. कित्येक घरांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. त्या नकाराची कारणे आजच्या आक्षेपांहून फार वेगळी नव्हती. कागद बाहेर गेला तर हिस्सा मागायला भाऊबंद उभे राहतील, ही भीती त्यात मोठी होती.

तरीही एक आक्षेप असा आहे की जो मला खरोखर अडवतो, आणि तो जातीच्या अहंकाराच्या आक्षेपाहून वेगळा आहे. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांचे काय? वंशावळींची व्याख्याने सुरू झाली की वाड्यातले लोक रुमाल सोडून दप्तरे मांडतील आणि पालावरचा माणूस मागच्या खुर्चीवर बसून ऐकेल. एकाच्या घराण्याला तीनशे वर्षे आणि दुसऱ्याला आजोबापुरतीच आठवण, हे चित्र वाचनालयाने अनुदानाच्या पैशांतून रंगवायचे का? भटक्या-विमुक्तांकडे १९६१ पूर्वीचा गावचा पुरावा मागितला जातो, तेव्हा मागणाऱ्याला हे लक्षात येत नाही की ज्यांना गावात राहूच दिले जात नव्हते त्यांची नोंद गावाने कशाला ठेवली असेल. कागदाची पूजा वाढली तर हा अन्याय आणखी घट्ट होईल, ही भीती खरी आहे.

याला माझे उत्तर असे की कागद नसणे आणि कागद कुठे आहे हे माहीत नसणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कमी करण्याचे काम आजवर कोणी नीट केलेले नाही. ज्यांच्या घरात दप्तर नव्हते त्यांची नोंद दुसऱ्यांच्या दप्तरांत आहे. महार वतनाचे हिशेब आहेत. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले त्याच्या मागेपुढे या प्रश्नावर झालेला पत्रव्यवहार आहे. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले आणि मिशनच्या नोंदींत अशा कुटुंबांची नावे सापडतात ज्यांना कुलकर्ण्याच्या वहीत फक्त जातीने ओळखले जाई. पलटणींच्या निवृत्तिवेतनाचे कागद आहेत. कोल्हापूर, सांगलीकडे हेळवी अजून दाराशी येऊन कुणब्याच्या आणि धनगराच्या घरच्या पिढ्या म्हणून दाखवतात, आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या साध्या शेतकऱ्यांचीही नावे गाववार आहेत. यातले किती तालुक्याच्या वाचनालयाला ठाऊक असते? व्याख्यान घ्यायचेच तर पहिले या साधनांवर घ्यावे, देशमुखांच्या सनदांवरचे नंतर. तोंडी परंपरा नोंदवून ठेवण्याचे कामही यातच येते. ऐंशी वर्षांच्या आजीने सांगितलेली स्थलांतराची हकिकत ध्वनिमुद्रित करून, तारीख घालून, जपून ठेवली तर ती उद्याचे साधन होते. तिला आज जात पडताळणी समिती विचारत नाही म्हणून वाचनालयानेही विचारू नये असे कोठे आहे?

बायकांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल, आणि इथे मला वंशावळीच्या नेहमीच्या आराखड्याचाच राग येतो. वडील, आजा, पणजा अशी एकच फांदी सरळ वर जाते आणि बाकीचे झाड कापलेले असते. आईच्या आईचे माहेर कोणते, हा प्रश्न कोणत्याही हौशी संशोधकाला विचारून पाहावा. तिसऱ्या पिढीला तो गप्प होतो. सरकारी वंशावळ पितृकुळाचीच मागते म्हणून मध्यस्थाला त्यात रस नसतो, आणि मेळाव्यांना सोयरिकीपलीकडे नसतो. हे काम ज्यात कोणाचा फायदा नाही ते सार्वजनिक संस्थेने करायचे असते. विहिणींच्या गावांची यादी केली तरी पंचक्रोशीतल्या लग्नसंबंधांचा, त्यातून झालेल्या दळणवळणाचा आणि बाजारपेठांचा एक नकाशा उभा राहतो, जो पितृकुळाच्या शंभर वंशावळींतून उभा राहत नाही.

दूर गेलेल्यांचा प्रश्नही इथलाच आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या भागातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांची नोंद मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील स्थलांतरितांच्या दप्तरात आहे. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव असे तपशील त्यात असतात. त्यांच्या वंशजांपैकी कोणी त्या नोंदीची नक्कल घेऊन कोकणात उतरले आणि इंग्रज कारकुनाने वेडेवाकडे लिहिलेले गावाचे नाव ओळखायचे असले, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे? तलाठी कार्यालयाचे? रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, म्हणजे ती जहाजे मॉरिशसला निघण्याच्याही आधीचे. नाशिकचे १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे. अशा वयाच्या संस्थांनी आपल्या गावाविषयी विचारायला आलेल्या माणसाला स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे कपाट दाखवावे, हे शोभत नाही.

भांडणे होतील, हा मुद्दा मी हलका मानत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर झालेला हल्ला कोणत्याही ग्रंथपालाच्या मनातून गेलेला नाही. इतिहासाच्या नावाखाली जमाव पोथ्यांपर्यंत पोचतो हे तेव्हा सर्वांनी पाहिले. तालुक्याच्या वाचनालयाकडे तर एक ग्रंथपाल, एक शिपाई आणि एक जुना पंखा एवढाच संरक्षक दलाचा ताफा असतो. म्हणून पथ्ये आधीच ठरलेली असावीत. वक्त्याने प्रत्येक विधानाचा कागद, निदान त्याची छायाप्रत, टेबलावर ठेवली पाहिजे. हयात माणसांची आणि त्यांच्या आईबापांची माहिती त्यांच्या संमतीवाचून सभेत येता कामा नये, कारण दत्तक, दुसरे लग्न, अनौरस संतती या गोष्टी कागदांत असतातच आणि त्या जिवंत माणसाला चारचौघांत ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. जमिनीचा दावा न्यायालयात असलेले घराणे त्या वर्षी विषयात नसावे. प्रश्नोत्तरांना व्याख्यानाइतकाच वेळ असावा आणि शाल-श्रीफळ अजिबात नसावे. सत्कार झाला की शंका विचारणाऱ्याची जीभ जड होते, हे आपण सगळेच अनुभवाने जाणतो. एवढे पाळूनही कोणी चिडणार असेल तर तो राग वाचनालयात निघालेला परवडला, कारण तिथे निदान कागद समोर असतो.

पैशांचा आणि तज्ज्ञांचा आक्षेप मात्र मला पोकळ वाटतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणारी ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि खालच्या वर्गांतल्यांची ओढाताण मी नाकारत नाही. पण मोठ्या मानधनाच्या नामवंतांपेक्षा निवृत्त भूमापक, मोडी जाणणारे जुने शिक्षक आणि महसूल खात्यातून निवृत्त झालेले अव्वल कारकून कितीतरी स्वस्त पडतात, आणि त्यांना जे येते ते नामवंतांना येत नाही. मोडीचे वर्ग पुराभिलेख विभाग आणि भारत इतिहास संशोधक मंडळ घेत आले आहेत. दोन होतकरू वाचक पुण्याला पाठवणे कोणत्याही वाचनालयाच्या आवाक्यातले आहे. राहता राहिली तज्ज्ञतेची गोष्ट. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा श्रोत्यांनी आधी अर्थशास्त्राची पदवी घेऊन यावे अशी अट घातली नव्हती. लोकांसमोर बोलायचे आणि लोकांनी प्रश्न विचारायचे, यातूनच तज्ज्ञ कोण हे कळते.

एका बाबतीत मात्र वाचनालयाने ठाम नकार द्यायला शिकले पाहिजे. अशी व्याख्याने यशस्वी झाली की महिन्याभरात कोणीतरी आपली वंशावळ घेऊन ग्रंथपालाकडे येईल आणि “तुमच्याकडे तपासली आहे, तेवढा शिक्का द्या” म्हणेल. हा माणूस फसवणारा असेलच असे नाही. बहुधा तो अर्जाच्या मुदतीला घाबरलेला बाप असेल. तरीही शिक्का द्यायचा नाही. वाचनालयाचा गोल शिक्का एकदा अशा कागदावर पडला की तो जात पडताळणी समितीपुढे पुरावा म्हणून जाणार, समिती तो विचारात घेवो न घेवो, आणि पुढच्या वेळी मध्यस्थ ग्रंथपालाच्या टेबलासमोरच खुर्ची टाकून बसणार. त्या बापाला नोंदवहीचे नाव, ती कोणत्या कार्यालयात मिळेल, प्रमाणित नक्कल मागण्याचा अर्ज कसा लिहायचा आणि मोडी वाचून देणारी तीन माणसे कोण, एवढे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. चिठ्ठीचे पैसे घेऊ नयेत.